मूळ, जिवाणू आणि ‘संकेत’ : पृष्ठशर्करांच्या कार्याविषयी काही विचार

सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी काही महिन्यांपूर्वी आपल्या मराठी व्याख्यानांचे हस्तलिखित परिभाषेच्या दृष्टीने तपासण्यासाठी माझ्याकडे दिले. व्याख्याने बहिःशाल श्रोत्यांसाठी होती आणि विषय होता जमिनीतील जिवाणू व वनस्पतींची मुळे यांचा परस्परसंबंध. असे काम भाषाशास्त्राच्या अध्यापकाकडे येते तेव्हा त्याने ऱ्हस्वदीर्घ पाहावे, अवघड समास सोडवावेत आणि हस्तलिखित परत करावे, एवढीच अपेक्षा असते. मीही तेवढ्याच तयारीने बसलो होतो. परंतु दुसऱ्याच पानावर एका वाक्यापाशी थबकलो. जिवाणू आपल्या पृष्ठभागावरील शर्करांच्या द्वारे मुळाशी संवाद साधतो, मूळ त्याची भाषा ओळखते आणि संकेत पटल्यावर त्याला आत घेते, अशा आशयाचे ते वाक्य होते. संवाद, भाषा, ओळख, संकेत! चारही शब्द आमच्या शास्त्राच्या दारातून उचललेले.

हे शब्द अलंकार म्हणून योजले आहेत की वर्णन म्हणून, असे मी त्यांना विचारले. त्यावर ते हसून म्हणाले, “अहो, तुम्ही ज्याला अलंकार म्हणता त्यावरच आमच्याकडे तीस-चाळीस वर्षे वाद चालला आहे.” वाद असा की, जिवाणूच्या अंगावरील ही शर्करा मुळाला काही ‘सांगते’, की ती केवळ जिवाणूचे रक्षण करते? ती खूण आहे की चिलखत? हे ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की मराठी प्रतिशब्द निवडणे हे येथे निरुपद्रवी काम नाही. ‘संकेत’ हा शब्द लिहिला की वादाचा निकाल लिहून टाकल्यासारखे होते. मग तो वाद तरी काय आहे ते समजून घेणे प्राप्त झाले. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा परिपाक आहे. लेखक प्रयोगशाळेतला नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे; परंतु खूण कशाला म्हणावे, हा प्रश्न निदान अर्धा तरी आमचा आहे.

मुळाभोवतीच्या मातीच्या पातळ थरात सूक्ष्मजीवांची वस्ती इतर मातीहून निराळी व दाट असते. या थराला स्वतंत्र नाव देण्याची आवश्यकता प्रथम जर्मन शास्त्रज्ञ लोरेंत्स हिल्टनर यांना १९०४ मध्ये वाटली. मराठीत त्याला मूलपरिसर म्हणता येईल. या परिसरातला जिवाणू उघड्या अंगाने वावरत नसतो. त्याच्या पेशीभोवती शर्करांच्या लांब साखळ्यांची, म्हणजे बहुशर्करांची, आवरणे असतात. काही साखळ्या पेशीपासून सुटून बाहेर बुळबुळीत लेपासारख्या पसरतात, त्या बाह्यबहुशर्करा. काही पेशीच्या बाह्य पटलात मेदाच्या खुंटीने रोवलेल्या असतात, त्या मेदबहुशर्करा. काही पेशीला घट्ट चिकटून संपुटासारखे कवच करतात. शिवाय ग्लुकोजची वर्तुळाकार कडी पटलांमधल्या पोकळीत साठविणारेही जिवाणू आहेत. हे सारे पृष्ठशर्करा या एका नावाखाली घेतले जात असले, तरी त्यांची कामे एक नव्हेत आणि पुढील विवेचनात मुख्यत्वे बाह्यबहुशर्करांचाच विचार केला आहे.

शर्करांच्या साखळ्यांत भाषाशास्त्रज्ञाचे कुतूहल चाळवणारे एक वैशिष्ट्य आहे. प्रथिनांतील घटक एकापुढे एक असे एकाच रीतीने जोडले जातात. म्हणून तीन भिन्न घटकांपासून तीन घटकांच्या सहाच साखळ्या होऊ शकतात. शर्करेच्या एका कड्याला मात्र जोडणीसाठी अनेक जागा असतात, प्रत्येक जोड दोन दिशांनी होऊ शकतो आणि साखळीला फांद्याही फुटतात. परिणामी तीन भिन्न शर्करांपासून एक हजाराहून अधिक निरनिराळ्या रचना संभवतात. थोड्या वर्णांतून एवढे वैविध्य साधणारे द्रव्य दिसल्यावर जीवशास्त्रज्ञांना ‘शर्करेची लिपी’ असा शब्दप्रयोग सुचावा, यात नवल नाही. पण वैविध्य असणे निराळे आणि ते वैविध्य कोणी वाचणे निराळे. मोराच्या पिसाऱ्यात, नदीकाठच्या गोट्यांत, ढगांतही वैविध्य असते.

ज्या संबंधात हा प्रश्न सर्वांत बारकाईने तपासला गेला तो म्हणजे शिंबावर्गीय वनस्पती आणि त्यांच्या मुळांवर गाठी करणारे ऱ्हायझोबियम-कुलातील जिवाणू यांचा. हेर्मान हेलरिगेल व हेर्मान विल्फार्ट यांनी १८८६ मध्ये दाखविले की या वनस्पती हवेतील नायट्रोजनाचा उपयोग करून घेऊ शकतात आणि ते सामर्थ्य गाठींतल्या सूक्ष्मजीवांमुळे येते. १८८८ मध्ये बायेरिंक यांनी तो जिवाणू गाठींतून वेगळा काढून वाढविला. आपल्याकडील शेतकऱ्याला हे ज्ञान पाकिटातून मिळते. सोयाबीन किंवा हरभरा पेरण्यापूर्वी जिवाणू-संवर्धक गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचे आणि बियाणे सावलीत सुकवायचे, ही बीजप्रक्रिया आता सर्वपरिचित आहे. सोयाबीनचे संवर्धक हरभऱ्याला चालत नाही, हेही त्याला ठाऊक असते. हे ‘चालत नाही’ कोण ठरवते? जिवाणू तर दोन्ही प्रकारचे, एकाच मातीत, मुळापासून केसाच्या अंतरावर असतात.

या निवडीची पहिली पायरी आता बरीच स्पष्ट झाली आहे. मूळ फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्ये मातीत सोडते. योग्य जिवाणूमध्ये त्यामुळे काही जनुके जागी होतात. लसूणघासाच्या बाबतीत हे काम ल्युटिओलिन नावाचे द्रव्य करते, असे १९८६ मध्ये सिद्ध झाले. जागा झालेला जिवाणू एक लहानसा रेणू तयार करतो: चार-पाच शर्करांचा कणा व त्याला मेदाम्लाची शेपटी. त्याची रचना तूलूझ येथील संशोधकांनी १९९० मध्ये उलगडली. त्याला गाठ-घटक म्हणू. हा घटक अत्यल्प मात्रेत मुळाला लागला की मूलरोम वाकतो, त्याच्या आकड्यात जिवाणूंची लहानशी वस्ती सापडते आणि मुळाच्या आत गाठीची पूर्वतयारी सुरू होते. त्यानंतर मूलरोमाच्या भिंतीतून आत जाणारी एक नळी वनस्पती स्वतःच बांधू लागते. तिला संसर्ग-तंतू म्हणतात. जिवाणू त्या नळीतून विभाजन पावत, ओळीने पुढे सरकत आत जातात आणि अखेरीस गाठीतल्या पेशींत उतरतात. घर पाहुण्याने फोडलेले नाही. यजमानाने बोळ बांधून दिला आहे. बोळ पुढे बांधत राहावा की मध्येच थांबवावा, हे यजमानाच्याच हाती असते. बाह्यबहुशर्करांचा प्रश्न या बोळाच्या तोंडाशी उपस्थित होतो.

ओळखीचे श्रेय प्रारंभी निराळ्या यंत्रणेला देण्यात आले होते. वनस्पतींच्या बियांत व मुळांत लेक्टिन नावाची प्रथिने असतात आणि ती विशिष्ट शर्करांनाच धरतात. बोलूल व श्मिट यांनी १९७४ मध्ये सोयाबीनच्या लेक्टिनाला चमकणारे रंगद्रव्य जोडून ते जिवाणूंवर लावून पाहिले. सोयाबीनवर गाठी करणाऱ्या २५ वाणांपैकी तीन वगळता सर्वांना ते चिकटले. सोयाबीनवर गाठी न करणाऱ्या २३ वाणांपैकी एकालाही चिकटले नाही. कुलूप आणि किल्ली! एवढे नेटके उत्तर हाती आल्यावर शास्त्रज्ञांना जो आनंद होतो तो समजू शकतो. पण ते तीन अपवाद तसेच राहिले. गाठी करणारा, तरीही लेक्टिन न चिकटणारा एक जिवाणू असला तरी चिकटणे ही गाठीची अनिवार्य अट ठरत नाही. पुढे १९८९ मध्ये लायडन येथील गटाने वाटाण्याच्या लेक्टिनाचे जनुक पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळात घातले, तेव्हा वाटाण्याचा जिवाणू त्या मुळांवर गाठी करू लागला. त्यामुळे कल्पना सर्वस्वी टाकूनही देता आली नाही. वाटाण्याच्या जिवाणूच्या एका टोकाशी ग्लुकोज व मॅनोज यांची एक बहुशर्करा असते आणि लेक्टिन तिला धरते, हे नंतर कळले. तेव्हा लेक्टिनाचे काम मुख्यतः जिवाणूला मूलरोमावर चिकटवून ठेवण्याचे दिसते. चिकटणे ही ओळखीची पूर्वअट असेल. ती ओळख नव्हे. पत्र टपालपेटीत पडले म्हणजे ते वाचले गेले असे होत नाही.

मूळ वादाला तोंड फुटले ते १९८५ मध्ये. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जॉन ली, ईथन साइनर व ग्रॅहॅम वॉकर यांनी लसूणघासाच्या जिवाणूवर एक अतिशय सोपी युक्ती वापरली. कॅल्कोफ्लोर नावाचे एक द्रव्य आहे. कापड व कागद शुभ्र दिसावेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांच्या जातीचे. ते जिवाणूच्या बाह्यबहुशर्करेला चिकटते आणि अतिनील प्रकाशात बशीतल्या वसाहती चमकतात. ज्या उत्परिवर्ती वसाहती चमकल्या नाहीत त्या त्यांनी वेचल्या. या मूक जिवाणूंनी लसूणघासाच्या मुळांवर गाठी आणल्या. पण त्या गाठी पोकळ होत्या. आत जिवाणू नव्हते, नायट्रोजनाचे स्थिरीकरण नव्हते. गाठ-घटकाने यजमानाला कामाला लावले होते, घर बांधून तयार होते, परंतु पाहुणा दाराबाहेरच राहिला होता.

या शर्करेचे नाव सक्सिनोग्लायकन. सात ग्लुकोज व एक गॅलॅक्टोज अशा आठ शर्करांचा तिचा एकक असून तोच पुनःपुन्हा जोडून लांब साखळी होते. एककावर सक्सिनिल, ॲसिटिल व पायरुव्हिल असे तीन लहान गट बसविलेले असतात. सक्सिनिल गट बसविणारे जनुक बिघडले तर जिवाणू भरपूर शर्करा करतो, ती चमकतेही, तरीसुद्धा प्रवेश मिळत नाही. इतक्या लहान फरकाने इतके मोठे काम अडते, तेव्हा यजमान तो गट ‘वाचत’ असला पाहिजे, असे अनुमान साहजिक होते. १९९२ मध्ये याच शर्करेचे छोटे तुकडे बाहेरून दिल्यास मूक जिवाणूलाही काही प्रमाणात प्रवेश मिळतो असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि खूण-पक्षाची बाजू बळकट झाली. लांब साखळी हे कोठार. जिवाणूची विकरे त्यातून तुकडे तोडतात. तो तुकडा हाच निरोप, असे चित्र उभे राहिले.

परंतु हे चित्र हळूहळू विस्कटले. सक्सिनिल गट नसला की साखळी तोडणाऱ्या विकरांचेच काम मंदावते, हे १९९८ मध्ये दिसले. म्हणजे गटाचा परिणाम यजमानाच्या वाचनावर होतो की साखळीच्या तुटण्यावर, हे केवळ त्या प्रयोगावरून सांगता येईना. सक्सिनोग्लायकनऐवजी हाच जिवाणू परिस्थितीनुसार ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांच्या जोड्यांची दुसरी शर्करा करू शकतो, आणि लसूणघास त्या सर्वस्वी निराळ्या रचनेच्या शर्करेवरही जिवाणूला आत घेते. दोन भिन्न शब्दांना एकच अर्थ असू शकतो हे खरे. पण दोन भिन्न कापडांच्या छत्र्यांनीही सारखाच पाऊस अडतो! पुढे २०१३ मध्ये ही शर्करा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या माऱ्यापासून जिवाणूला वाचवते असे आढळले, आणि २०१७ मध्ये ती आम्लता सोसण्यास साहाय्य करते असेही. संसर्ग-तंतूच्या आतले वातावरण आम्लधर्मी असते आणि परक्याच्या चाहुलीने वनस्पती पेरॉक्साइड सोडते, हे लक्षात घेतले की चिलखत-पक्षाचे म्हणणे सहज पटू लागते. मधल्या काळात, २००८ मध्ये, मूक जिवाणू लावलेल्या रोपात संरक्षणाशी संबंधित जनुके अधिक जागी होतात असे दिसून आले होते. दोन्ही पक्षांनी तो पुरावा आपापल्या बाजूने वाचला. खूण न मिळाल्याने यजमान सावध झाला, असे एकाने म्हटले. आवरण नसल्याने जिवाणूची इतर उघडी अंगे यजमानाला दिसली, असे दुसऱ्याने.

येथवर वाचून झाल्यावर माझी स्वतःची खात्री पटली होती की ‘संकेत’ हा शब्द खोडावा आणि ‘आवरण’ लिहावा. उघड्या अंगाने जाणारा मेला, पांघरूण घेऊन जाणारा वाचला. यात भाषेचा संबंध कोठे येतो? वनस्पतींना रोग करणाऱ्या जिवाणूंमध्येही याचे उदाहरण आहे. वांगी-टोमॅटोवर मर आणणारा राल्स्टोनिया हा जिवाणू आपल्या चिकट बाह्यबहुशर्करेने झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबवतो. तेथे शर्करा काही सांगत नाही. ती बोळा बसवते. स्नेह्यांना मी तसे कळविले. त्यांनी उत्तरादाखल एक निबंध पाठविला आणि त्याने माझे मत पालटले.

तो निबंध लोटस जापोनिकस या वनस्पतीविषयीचा होता. नाव पाहून कमळाची कल्पना करू नये; ही पिवळ्या फुलांची, जमिनीसरशी पसरणारी, जपानातली एक शिंबावर्गीय रानवनस्पती आहे आणि तिच्या गाठी करणाऱ्या जिवाणूचे नाव मेसोऱ्हायझोबियम लोटी. त्याच्या आर-७-ए या वाणावर न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात आणि वनस्पतीवर डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठात बरेच काम झाले आहे. या वाणाच्या बाह्यबहुशर्करेचा एककही आठ शर्करांचा असतो. तो एकेक शर्करा जोडून क्रमाक्रमाने तयार होत असल्याने निरनिराळ्या पायऱ्यांवर जनुके बिघडवून शर्करा हव्या त्या टप्प्यावर अडवता येते. पहिल्याच पायरीला अडवली तर जिवाणू पूर्ण मूक होतो. एक्झो-यू हे जनुक बिघडवले तर मात्र एकक पाच शर्करांपर्यंत बांधला जातो आणि तेथेच तुटतो.

आता चिलखत-पक्षाचे भाकीत काय असेल? मूक जिवाणूची गत सर्वांत वाईट व्हावी आणि अर्धवट आवरणाच्या जिवाणूला थोडा तरी लाभ मिळावा. प्रत्यक्षात उलटे घडले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार मूक जिवाणूंनी थोड्या विलंबाने का होईना, नायट्रोजन स्थिर करणाऱ्या गाठी केल्या. तोडक्या शर्करेच्या जिवाणूला मात्र जवळजवळ प्रवेशच मिळाला नाही. त्याच्या वाट्याला गाठींचे रिकामे कोंब आले. न बोलणाऱ्याला यजमानाने बराच वेळ ताटकळत ठेवून आत घेतले, चुकीचे बोलणाऱ्याला बाहेरच थांबवले.

हा एवढाही पुरावा माझ्या दृष्टीने निर्णायक नव्हता. तोडकी शर्करा जिवाणूच्याच अंगाला विषारी ठरत असेल, असे म्हणण्यास जागा होती. निर्णायक ठरला तो पुढचा प्रयोग. ऑर्हूसच्या संशोधकांनी जिवाणू तसाच तोडका ठेवला आणि वनस्पतीत उत्परिवर्तने घडवून तिची अशी रोपे शोधली, की जी या नाकारलेल्या जिवाणूलाही आत घेतील. तशी रोपे सापडली. त्यांच्यात जे जनुक बिघडलेले होते ते पेशीच्या पृष्ठभागावरील एका ग्राही प्रथिनाचे निघाले. त्याला ईपीआर-३ असे नाव आहे. हे प्रथिन बाह्यबहुशर्करेला प्रत्यक्ष धरते आणि अनुरूप व अननुरूप शर्करांत भेद करते, हे २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शिवाय ते मुळात सदैव हजर नसते. गाठ-घटक ओळखला गेल्यानंतरच, मुळाच्या संसर्गक्षम भागात, ते निर्माण होते. म्हणजे पहिल्या दारावर नाव विचारले जाते आणि नाव पटले तरच दुसऱ्या दारावर पहारेकरी उभा राहतो.

या प्रयोगाची तर्करीती मला इतकी आवडली की तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. तोडक्या शर्करेचा जिवाणू दोन्ही वेळा तोच आहे. त्याचे आवरण तेवढेच अपुरे, त्याची सहनशक्ती तेवढीच कमी. फरक केवळ एवढाच की दुसऱ्या खेपेस मूळ ते आवरण वाचू शकत नाही. आणि वाचणारा नाहीसा होताच चूकही नाहीशी झाली! अशुद्ध लेखन निरक्षराला अडवीत नाही. आवरण हे केवळ चिलखत असते तर यजमानाची दृष्टी काढून घेतल्याने ते अधिक मजबूत झाले नसते. एखादी वस्तू खूण म्हणून कार्य करते की द्रव्य म्हणून, याची कसोटी वस्तूत शोधून सापडत नाही. ग्रहण करणाऱ्याचे सामर्थ्य काढून घेऊन परिणाम पाहावा लागतो. चिन्हांविषयी आम्ही जे वर्षानुवर्षे व्याख्यांनी सांगत आलो ते येथे एका रोपाच्या मुळावर करून दाखवलेले आहे. या ग्राहीवाचून निरोगी जिवाणूचाही प्रवेश मंदावतो, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे पहारेकरी नुसता अडवण्यासाठी नाही, वाट दाखवण्यासाठीही आहे.

तर मग ‘संकेत’ हा शब्द राहू द्यावा काय? येथे आमच्या शास्त्राला अडखळावे लागते. आपल्याकडील नैयायिकांनी संकेत हा शब्द शब्दार्थसंबंधासाठी राखून ठेवला. या शब्दाने हा अर्थ घ्यावा, असे ठरलेले असणे म्हणजे संकेत. धुरावरून अग्नी कळतो तो संकेताने नव्हे. धूर हे गमक आहे. धुराला काही सांगायचे नसते. सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी चिन्हाच्या यादृच्छिकतेला जे मध्यवर्ती स्थान दिले तेही या भेदाला जवळचे आहे. यादृच्छिकता तर येथेही आहे, असे कोणी म्हणेल. अमुक आकाराची शर्करा ग्राहीला बसली म्हणून नळीची बांधणी पुढे चालू राहावी, असे रसायनशास्त्राचा कोणताही नियम सांगत नाही. दोहोंची सांगड उत्क्रांतीने घातली आहे. झाक मोनो यांनी १९७० मध्ये पेशीतील नियंत्रणाच्या संदर्भात नेमका हाच मुद्दा मांडला होता. मला तो मान्य आहे. पण त्याने केवळ वाचणाऱ्याची बाजू यादृच्छिक ठरते. बोलणाऱ्याची बाजू राहतेच.

आणि ती बाजू पाहण्यासाठी १९८५ च्या त्या चमकणाऱ्या बशीकडेच पुन्हा वळावे लागते. बशीत मूळ नव्हते, फ्लॅव्होनॉइड नव्हते, यजमानाचा मागमूस नव्हता. तरीही वसाहती चमकत होत्या. जिवाणू ही शर्करा एकांतातही तयार करतो, कारण कोरड्या व प्रतिकूल मातीत जगण्यासाठी ती त्याला हवीच असते. गाठ-घटकाची गोष्ट निराळी. मुळाने हाक दिली तरच तो तयार होतो आणि मुळाखेरीज त्याचा इतरत्र उपयोग दिसत नाही. जीवशास्त्रज्ञ स्वतःही, विशेषतः मेनार्ड स्मिथ व हार्पर यांच्या २००३ मधील ग्रंथापासून, हा भेद पाळतात: ग्रहण करणाऱ्यावर परिणाम व्हावा म्हणूनच जे विकसित झाले ते एक, आणि अन्य कारणाने असलेले परंतु ग्रहण करणाऱ्याने उपयोगात आणलेले ते दुसरे. पहिल्याला मी संकेत म्हणेन, दुसऱ्याला गमक. गाठ-घटक हा संकेत आहे. लोटसच्या जिवाणूची शर्करा, माझ्या मते, गमक आहे. लसूणघासाच्या जिवाणूची शर्करा कोणत्या खणात पडते, याचा निकाल अजून लागलेला नाही. लोटसवरून तिचे अनुमान करणे चुकीचे होईल.

मराठी वाचकाला हा भेद परका वाटण्याचे कारण नाही. कोणी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाला की ऐकणारा तत्काळ त्याचा मुलूख ठरवून टाकतो, आणि पुष्कळदा त्यावरून त्याची योग्यताही ठरवतो, जे सर्वस्वी अन्यायाचे आहे. बोलणाऱ्याने मात्र आपला मुलूख सांगण्यासाठी ‘न’ उच्चारलेला नसतो. त्याला तहान लागलेली असते. गप्प राहिलेला परका मनुष्य संशय पत्करून का होईना रांगेत पुढे सरकतो, आणि तोंड उघडलेला अडतो, हेही आपण पाहिलेले आहे. अशा प्रसंगी उच्चार हा संकेत नसून गमक असतो.

राहता राहिला ‘भाषा’ हा शब्द. हॉकेट यांनी १९६० मध्ये मानवी भाषेची जी लक्षणे मांडली त्यांतील एक म्हणजे द्विस्तरीय रचना: निरर्थक ध्वनींपासून सार्थ शब्द आणि शब्दांपासून वाक्ये. आठ शर्करांचा एकक पाहिला की पहिला स्तर असल्याचा भास होतो. सुटी शर्करा निरर्थक, एकक सार्थ. पण दुसरा स्तर नाही. तोच एकक शेकडो वेळा पुढे जोडला जातो आणि त्यातून नवे काही सांगितले जात नाही. त्याच त्या शब्दाच्या अखंड जपाला वाक्य म्हणता येत नाही. समोर नसलेल्या वस्तूविषयी बोलणे, खोटे बोलणे, बोलण्याविषयी बोलणे, यांतले येथे काही नाही. खोटे बोलण्याविषयी मात्र मी थोडा साशंक आहे. मित्राचे आवरण पांघरून आत शिरू पाहणारा रोगकारक जिवाणू कल्पिणे अशक्य नाही. तरीही तो वेषांतर करील, असत्य विधान करणार नाही.

सर्व शिंबावर्गीय वनस्पतींना हे लागू आहे असेही समजू नये. आपल्या भुईमुगात मूलरोमातून जाणारा संसर्ग-तंतू नसतोच. आडवी मुळे फुटताना पडणाऱ्या भेगांतून जिवाणू आत शिरतात. आणि २००७ मध्ये दाखवून देण्यात आले की एस्किनोमेनी वंशातील काही वनस्पतींवर गाठी करणाऱ्या जिवाणूंकडे गाठ-घटक निर्माण करणारी जनुकेच नसतात. दाराची रचना बदलली की पहाऱ्याची रीतही बदलत असणार.

हस्तलिखित मी शेवटी परत केले. गाठ-घटकाच्या प्रकरणात ‘संकेत’ तसाच ठेवला. लोटसच्या प्रकरणात तो खोडून ‘गमक’ लिहिले आणि ‘ओळख’ हा शब्द राहू दिला; वाचणारा आहे, तेव्हा ओळखही आहे. लसूणघासाच्या प्रकरणात दोन्ही शब्द काढून नुसते ‘बाह्यबहुशर्करा’ लिहिले. ‘संवाद’ व ‘भाषा’ सर्वत्र खोडले. स्नेह्यांनी सर्व दुरुस्त्या स्वीकारल्या. फक्त पहिल्या व्याख्यानाच्या शीर्षकातला ‘संवाद’ त्यांनी परत घातला आहे. बहिःशाल श्रोते शीर्षक पाहून येतात, असे त्यांचे म्हणणे पडले.